घरचा जोडधंदा : पेटीतली कोळी कीड

मधमाशीच्या नावाची एक सूरह कुरआन शरीफमध्ये आहे, सूरह अन-नहल. घरी मेलिफेरा माशीच्या दहा पेट्या आणल्या तेव्हा आम्ही बरकतीचेच हिशेब करत बसलो, माशी तपासायचे राहून गेले. पहिल्याच हिवाळ्यात चार पेट्या रिकाम्या झाल्या. पेटीसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माशा सरपटत होत्या. आम्हाला वाटले, फुलोरा कमी पडला. म्हणून साखरेचा पाक दिला. खरा शत्रू होता व्हरोआ कोळी.

मोहरीहून लहान, तांबूस असा हा कोळी माशीच्या अंगाला चिकटतो आणि बंद पिलाव्यात वाढतो. पंख बिघडवणारा विषाणूही तोच पसरवतो. आपली सातेरी माशी त्याला बरीचशी आवरते. मेलिफेराला ते जमत नाही.

आता आम्ही दर महिन्याला तपासणी करतो. पिलाव्याच्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे तीनशे माशा जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. राणी त्यात नाही ना, हे आधी पाहावे. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवावी, दोन मिनिटे सावलीत ठेवावी, मग पांढऱ्या ताटात झटकावी. साखरेवर पाणी शिंपडले की कोळी दिसतात. माशा जिवंतच परत पेटीत जातात. नऊ कोळी म्हणजे शंभर माशांमागे तीन. इथे उपाय टाळू नये.

कोळ्याला नराचा पिलावा जास्त आवडतो. तो बंद झाला की नर बाहेर पडण्याआधी कापून काढावा. विसरलात तर कोळ्यांचीच पैदास होईल! फॉर्मिक अ‍ॅसिड जाणकाराच्या सल्ल्यानेच, हातमोजे घालून वापरावे. कडक उन्हात पिलावा आणि राणी दगावू शकते. पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळते.

यंदा ऐन फुलोऱ्यात एका पेटीत अकरा कोळी निघाले. मुलीची फी याच मधावर होती. तरी आम्ही औषध घातले आणि त्या पेटीचा मध विकला नाही. फीचा एक हप्ता उशिरा भरला. लोक आमचा मध शिफा समजून लेकरांना चाटवतात. ती अमानत आहे. पेटी मात्र वाचली, आज ती गुणगुणते आहे.