अंबेचा काठ अंबेला राहू द्या

मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक व मुख्याधिकारी,
पाली नगरपंचायत, ता. सुधागड, जि. रायगड



पालीत २०२२ साली नगरपंचायतीचे पहिले सभागृह निवडून आले. गटारे, रस्ते, पाणी, आराखडा असे सगळेच विषय आता तुमच्यापुढे आहेत. आज ना उद्या अंबा नदीचाही विषय येईल. नदीच्या नावाने निधी आला की आपल्याकडे ठरलेली कामे निघतात : गाळ काढणे, संरक्षक भिंत बांधणे, घाटाचे सुशोभीकरण. अंदाजपत्रक तयार होण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

सह्याद्रीतून उतरलेली अंबा जांभूळपाडा, पाली, वाकण, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते. एके काळी भरतीच्या पाण्यावर मुंबईच्या बोटी नागोठण्यापर्यंत येत. खाडीचे खारे आणि डोंगराचे गोडे पाणी जिथे भेटते, तिथून पाली फार लांब नाही. आपल्या नळाचे पाणी अंबेचे आणि पालीच्या बल्लाळेश्वर गणपतीच्या पायाशी येणाऱ्या लाखो भाविकांच्या घशाखाली उतरते तेही अंबेचेच. म्हणून नदीचे काम हे शोभेचे काम नव्हे.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की वलगण चढते. उन्हाळाभर डोहात दडून राहिलेले मासे ओहोळांतून, पऱ्ह्यांतून उलटे चढत भातखाचरांपर्यंत जातात आणि उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. पाणी ओसरताना पिल्ले परत नदीत येतात. आमच्याकडचा कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या या चढणीवर नजर ठेवून आहे. कुठल्या वळणावर कोणता मासा, कोणत्या डोहाला मे महिन्यात किती पाणी, हे त्यांना तोंडपाठ असते. थोडक्यात, अंबेचा चढणीचा मासा शेतात जन्मतो आणि नदीत वाढतो. मधोमध सलग काँक्रीटची भिंत उभी राहिली, की ही ये-जा तुटते. भिंतीने माती धरली जाते हे खरे, पण पाण्याचा जोर कमी होत नाही, तो खालच्या गावाकडे जातो. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज ही झाडे मुळांनी माती धरतातच, शिवाय पाण्याचा वेग मोडतात, सावलीने डोह थंड ठेवतात आणि उंबर-जांभळांची फळे माशांच्या तोंडी पडतात. ही झाडे तोडून भिंत बांधणे आणि मग भिंतीवर कुंड्या ठेवणे, यात गावाचा तोटाच आहे.

पुराची भीती मला कळते. २४ जुलै १९८९ चा पूर सुधागडमध्ये कोणी विसरलेले नाही. जांभूळपाड्याची घरे, गुरे, माणसे एका रात्रीत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या पाटबंधारे खात्याने पूररेषांचे परिपत्रक काढले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधील पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधला नियंत्रित. नदीकाठच्या उद्योगांना आवर घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण शासनाने २०१५ मध्ये रद्द केले. त्यामुळे आता गावाच्या हाती उरलेला मोठा आधार म्हणजे या पूररेषा. नकाशावर त्या ठळक दिसल्या पाहिजेत आणि बांधकाम परवाना देणाऱ्या टेबलावर तो नकाशा उघडा असला पाहिजे.

काठ मोकळा ठेवल्याने काय साधते, याचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेच्या प्रेअरी म्हणजे गवताळ सपाटीत रेड रिव्हर नावाची नदी आहे. एप्रिल १९९७ मध्ये बर्फ वितळून तिला पूर आला आणि नॉर्थ डकोटातले ग्रँड फोर्क्स शहर जवळजवळ पूर्ण रिकामे करावे लागले. नंतर त्यांनी तटबंध बांधले, पण नदीपासून मागे सरकून. मधली शेकडो घरे सरकारने विकत घेऊन हटवली आणि दोन्ही काठांवर मिळून सुमारे २,२०० एकर जागा नदीसाठी मोकळी ठेवली. कोरड्या दिवसांत तिथे लोक फिरतात, पोरे खेळतात, पुरात ती जागा नदीची असते. २००९ सालीही मोठा पूर आला, पण १९९७ सारखी वाताहत झाली नाही. त्यांना शेकडो घरे हलवावी लागली. पालीच्या काठाला अजून बरीच जागा मोकळी आहे, आपल्याला ती फक्त मोकळी ठेवायची आहे. हीच संधी आहे आणि ती दरवर्षी थोडी थोडी निसटते आहे.

दुसरी गोष्ट कोल्हापुरी बंधाऱ्यांची, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांची. अडवलेले पाणी कधी आणि कसे सोडायचे, याचा धडा एका परदेशी नदीवर मिळतो. कॅनडात अल्बर्टातल्या ओल्डमन नदीकाठी कॉटनवूड नावाची झाडे आहेत. पूर ओसरताना ओल्या गाळावर त्यांचे बी रुजते आणि पाणी एकदम उतरले तर कोवळी मुळे वाळतात. शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर तिथल्या धरणातून पुरानंतरचे पाणी हळूहळू कमी करायला सुरुवात झाली आणि काठावर नवी रोपे उभी राहिली. पाण्याचा मोठा खर्च नव्हता, वेळ पाळायची होती. आपल्याकडेही बंधाऱ्यांच्या फळ्या पहिल्या पावसाआधी निघाल्या तर वलगणीला वाट मिळेल. उन्हाळ्यात थोडे पाणी खाली वाहते ठेवले तर खालचे डोह जगतील. बंधारे नगरपंचायतीच्या ताब्यात नाहीत, पण जलसंपदा विभागाकडे ठराव पाठवणे तुमच्या हातात आहे.

सांडपाण्याचे काय करायचे हे मी लांबवून सांगत नाही. प्रक्रिया केल्याशिवाय एकही गटार नदीला मिळू नये, आणि भाद्रपद व माघातल्या उत्सवांचे निर्माल्य काठावरच वेगळे गोळा होऊन त्याचे खत व्हावे. देवाला वाहिलेले फूल पिण्याच्या पाण्यात कुजू नये, हे कोणत्याही भाविकाला पटेल.

माझी विनंती अशी. नदीच्या कोणत्याही कामाचा ठराव मांडण्याआधी मे महिन्यात एकदा जांभूळपाड्यापासून वाकणपर्यंत काठाने चालू या. सोबत जलसंपदा खात्याचे अभियंते असावेत, काठचे शेतकरी असावेत, आणि कातकरी वाडीतली जाणती माणसे पुढे असावीत. डोह कुठे, ओहोळ कुठे मिळतो, कोणते उंबर ठेवायचे, १९८९ चे पाणी कुठवर आले होते, हे जागेवर नकाशात टिपून घ्यावे. तो नकाशा सभागृहापुढे ठेवावा आणि मग कामे ठरवावीत. तारीख कळवा, आम्ही गावकरी येतो.

कळावे,
आपला,
पालीचा एक रहिवासी