गहू एकच, पीठ वेगळे

मैत्रिणींनो, रवा, मैदा आणि कणीक ही तिन्ही गव्हाचीच. पण म्हणून कोणी मैद्याच्या पोळ्या आणि कणकेचा शिरा रोज करत नाही. डबा उघडताना हात आपोआप बरोबर डब्याकडे जातो. इंग्रजीतल्या समानार्थी शब्दांचंही अगदी असंच आहे. कोशात ते एका ओळीत बसलेले दिसतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

तुम्ही म्हणाल, स्वयंपाकघरातल्या बाईला एवढी बारकाई कशाला हवी? हवी, बरं का! आपल्या कोपरीत एकाच शाळेच्या फाटकापाशी मराठी, सिंधी, गुजराती, दाक्षिणात्य अशा सगळ्या आया उभ्या असतात. शाळेला चिठ्ठी, सोसायटीला अर्ज, कंपनीला तक्रार ही इंग्रजीतून लिहायची वेळ पुष्कळदा येते, आणि ती बहुतेक घरांत आपल्यावरच येते. शिवाय 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. ज्यांनी स्वतः पाचवीत ए बी सी डी गिरवली, त्यांना आज सहा वर्षांच्या मुलाचा अभ्यास घ्यावा लागतो.

परवाचीच गोष्ट घ्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'स्लो' असा शेरा दिला. आईने त्याचा अर्थ 'आळशी' असा लावला आणि महिनाभर मुलाचं संध्याकाळचं खेळणं बंद! वास्तविक आळशी म्हणजे 'लेझी'. ज्याला येतं पण करायचं नसतं, तो लेझी. करायचं असतं पण वेळ लागतो, तो स्लो. आणि ज्याचा पायाच कच्चा, तो त्या विषयात 'वीक'. घड्याळ लावून त्याला दहा गणितं घातली. सहाच झाली, पण सहाही बरोबर! म्हणजे त्याला शिक्षेची नव्हे, हात बसण्याची गरज होती. तीन शब्द, तीन दुखणी आणि औषधंही तीन. चुकीचा अर्थ लावला की पोराला भलतंच औषध मिळतं.

आता उलटी बाजू पाहा. आपण मराठीत सहज म्हणतो, "आमचा बंडू ऐकत नाही हो." हेच शाळेला लिहिताना 'हिअर' वापरलंत, तर बाईंना वाटेल मुलाच्या कानात काही दोष आहे! कानावर पडणं म्हणजे हिअर, लक्ष देऊन ऐकणं म्हणजे 'लिसन', आणि सांगितल्याप्रमाणे वागणं म्हणजे 'ओबे'. आपलं एक 'ऐकणं' त्यांच्याकडे तीन घरांत वाटलेलं आहे. 'दिसणं' आणि 'बघणं' यांत मात्र आपण फरक करतोच. दिसतं ते 'सी', मुद्दाम नजर टाकतो ते 'लुक', आणि टीव्हीवरच्या मालिकेसारखं बघत बसतो ते 'वॉच'.

तक्रारीच्या पत्रात तर हा फरक पैशांचा होतो. समजा, नवा मिक्सर आठ दिवसांत जळला. दुकानदार बदलून देईना, तर तो 'रिफ्यूज' करतो, म्हणजे काही करायला नकार देतो. पण "मिक्सर आमच्या दुकानातला नाहीच" असं म्हणाला, तर तो 'डिनाय' करतो, म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याचं नाकारतो. मराठीत दोन्हीला आपण 'नाकारलं' म्हणतो. पत्रात शब्दांची अदलाबदल झाली, तर वाचणाऱ्याला वाटेल की भांडण खरेदीबद्दल आहे, आणि तुमच्याकडे तर बिल आहे! अशा वेळी काय घडलं तेही एका साध्या वाक्यात लिहावं, म्हणजे गैरसमजाला जागा उरत नाही.

अर्जात 'डिमांड' हा शब्दही जपून वापरा. फ्रेंचमध्ये त्याचं मूळ क्रियापद नुसतं 'विचारणं' या अर्थाचं आहे. इंग्रजीत येता येता ते दरडावून मागणं झालं. फी दोन हप्त्यांत भरू द्या, असं मुख्याध्यापकांना सांगायचं तर 'रिक्वेस्ट' हवं. सोसायटीने तीन पत्रांनंतरही गळती दुरुस्त केली नाही, तर मग चौथ्या पत्रात खुशाल डिमांड करा!

एकाच अर्थाचे इतके शब्द इंग्रजीत आले कुठून? 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे सुमारे तीन शतकं दरबारात फ्रेंचचा मान राहिला, तर गोठ्यात आणि शेतात जुनी इंग्रजी. म्हणून गोठ्यातली 'काऊ' ताटात आली की 'बीफ' होते आणि कळपातली 'शीप' होते 'मटन'. सुरुवात करणं घरात 'बिगिन' असतं, सरकारी कागदावर 'कमेन्स'. आपल्याकडेही हेच घडलं आहे. फारसीतून 'तारीख' आली, संस्कृतच्या आधाराने सावरकरांनी 'दिनांक' रूढ केला. शिवाजी महाराजांनी तर फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशच करवून घेतला. आज अर्जावर आपण दिनांक लिहितो, पण शेजारणीला विचारतो, "आज तारीख काय गं?"

समानार्थी शब्दांचा सगळ्यात गाजलेला इंग्रजी कोश रॉजे नावाच्या एका डॉक्टरने केला. तो निघाला 1852 साली, म्हणजे बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली त्याच्या आदल्याच वर्षी. त्यात अर्थाप्रमाणे शब्दांचे गट आहेत, पण कुठला शब्द कुठे शोभेल हे तो सांगत नाही. आजच्या मोबाइलमधल्या याद्यांचंही तेच. यादी म्हणजे नुसती डब्यांची मांडणी. डबा निवडायचा आपणच.

त्यासाठी मी मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवते. तुम्हीही करून पाहा.

पहिला प्रश्न, शब्द गोड आहे की बोचरा? आपण 'सडपातळ', 'बारीक' आणि 'काटकुळी' यांत भेद करतो ना? तसंच 'स्लिम', 'थिन' आणि 'स्किनी'. भेट मिळालेल्या साडीला कौतुकाने 'चीप' म्हणालात, तर देणारीचं तोंड उतरेल. त्यात स्वस्ताबरोबर हलकेपणाही येतो. किंमत वाजवी असेल तर 'रीझनेबल' म्हणावं.

दुसरा, जोर किती? 'जेवलास का' आणि 'गिळलंस का' यांत पोटात जाणारं अन्न तेच असतं, पण घरातलं हवामान वेगळं! 'अनॉइड' म्हणजे वैतागलेली, 'अँग्री' म्हणजे रागावलेली, 'फ्युरियस' म्हणजे संतापाने लाल.

तिसरा, कुठे आणि कोणासमोर? नळाला पाणी येतं, तीर्थ येत नाही. कोणी वारलं तर सांत्वनाच्या पत्रात 'पास्ड अवे' लिहावं. आपल्याकडे सर्रास 'एक्स्पायर्ड' म्हणतात, पण परदेशातल्या माणसाला त्यावरून औषधाची किंवा पासाची तारीख आठवते. आणखी एक शब्द मुलीच्या लग्नाच्या माहितीपत्रकात हमखास असतो, तो 'होमली'. आपल्या मनात घरकामात रमणारी मुलगी असते. पण अमेरिकेत त्याचा अर्थ होतो दिसायला बेताची! स्थळ तिकडचं असेल तर आपणच आपल्या लेकीला नावं ठेवल्यासारखं होईल. त्यापेक्षा ती काय शिकली, काय करते, तिला काय आवडतं, हे सरळ लिहावं. कोणत्याही मुलीला एका विशेषणात बसवू नये, हे तर आहेच.

चौथा, शब्दाचा जोडीदार कोण? आपला चहा 'कडक', पण इंग्रजीत तो 'हार्ड' नव्हे, 'स्ट्राँग'. आपला पाऊस 'मोठा', पण तिकडे 'बिग' नव्हे, 'हेवी'. इथे तर्क चालत नाही, कानाला सवयच लागते. म्हणून नवा शब्द सुटा पाठ करू नका, त्याच्या वाक्यासकट लिहून ठेवा. तर्खडकरांच्या पाठमालेने कित्येक पिढ्यांना वाक्यावाक्यानेच तर इंग्रजी शिकवलं.

जुनी डायरी घ्या आणि रोज एकच जोडी लिहा, मुलांना शेजारी बसवून. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. वर्षअखेरीस तीनशे जोड्या होतील आणि मुलंच तुमच्या चुका काढू लागतील. काढू द्या, शिकवणी सफल झाली असं समजा.

आता या आठवड्याचा गृहपाठ, तोही स्वयंपाकघरातलाच. आपण पाव भाजतो, शेंगदाणे भाजतो, केक भाजतो आणि भरतासाठी वांगंही भाजतो. इंग्रजीत 'टोस्ट', 'रोस्ट' आणि 'बेक' असे वेगळे शब्द आहेत. पदार्थ आणि शब्द यांच्या जोड्या लावा. गॅसच्या आचेवरच्या वांग्याला यांतला कोणता शब्द शोभेल, त्यावर मुलांशी जरा वाद घाला. आपण पुढच्या आठवड्यात ताळा पाहूच.