‘रेंज नाही’ हे उत्तर नव्हे!



साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाला आरोपीचा वकील पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे आपणांस ठाऊक आहे काय? मारहाण झाली की नाही, हा तो प्रश्न नव्हे. “घटना सायंकाळी घडली, मग फिर्याद दुसऱ्या दिवशी दुपारी का दिली?” हा तो प्रश्न होय. मधल्या तासांत ही हकीकत रचली गेली असे सुचवावयाचे आणि त्या संशयावर सुटका मागावयाची, हा फौजदारी बचावाचा जुना व कायदेशीर मार्ग आहे. तो वापरणाऱ्या वकिलाला मी दोष देत नाही. परंतु जालना जिल्ह्यातील एका वस्तीवरील माता माझ्या कचेरीत आली, तेव्हा त्या तासांचा तिने दिलेला हिशोब मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “वकीलसाहेब, फोन होता, रेंज नव्हती. रेंज टेकाडावर मिळते, आणि टेकाडाची वाट त्यांच्याच वाड्यावरून जाते.”

आजचा माझा विषय हाच आहे. पाऊस नाही म्हणावे तितक्याच सहजपणे आपण ‘रेंज नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो. वस्तुतः पाऊस निसर्ग पाडतो. रेंज माणसे देतात. मनोरा कोठे उभारावयाचा आणि कोठे उभारावयाचा नाही, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरविलेले असते. जे माणसाने ठरविले आहे, त्याचा जाब माणसाला विचारता येतो.

प्रथम इतिहास पाहा. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. आपला प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. पुढे १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, तरी तारेचे खांब शहराची वेस ओलांडून फार पुढे गेले नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. त्या रात्री गावातला टेलिफोन कोठे होता? टपाल कचेरीत असेल, तर कचेरीला कुलूप होते. मोठ्या वाड्यात असेल, तर त्या वाड्याची पायरी चढून कोणी मदत मागावयाची?

त्यानंतर आश्वासने आली. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने सांगितले की, १९९७ पर्यंत देशातील सर्व खेड्यांत टेलिफोन पोहोचेल. १९९९ च्या धोरणाने कबूल केले की, ६ लाख खेड्यांपैकी केवळ ३ लाख १० हजार खेड्यांत तो पोहोचला. उरलेल्यांसाठी २००२ ही नवी तारीख देण्यात आली. खासगी परवानेदारांनी खेड्यांत टेलिफोन देण्याची अट मान्य करून परवाने घेतले, परंतु ती अट बहुतांशी कागदावरच राहिली. आणि जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० खेड्यांत चौथ्या पिढीची मोबाईल सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वकिलाच्या भाषेत याला कबुलीजबाब म्हणतात. १९९७ चे वचन पंचवीस वर्षांनंतरही अपुरे होते, हे सरकारनेच लिहून दिले.

आता आपला जिल्हा पाहा. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. त्याचे तालुके आठ. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार, आणि त्यांतील दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहणारी. जालना शहरात पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. बदनापूर-जालना भागातून समृद्धी महामार्ग गेला आहे. जेथे माल आहे व मोटार आहे, तेथे मनोऱ्याला तोटा नाही. पण उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे डोंगरउतारावर वसलेल्या वाड्या आणि दक्षिणेस गोदावरीच्या बाजूची अंबड, घनसावंगी, परतूरची दूरची खेडी यांचा अनुभव आपण मजपेक्षा अधिक जाणता. कोणत्या झाडाखाली उभे राहिल्यावर आवाज येतो, हे आपल्या लेकरांना पाठ आहे. त्यातही गावठाणात रेंज येते आणि गावाबाहेरच्या वस्तीवर ती तुटते. वस्ती गावाबाहेर का आहे, हे मी आपणांस सांगावयास हवे काय? मनोऱ्याच्या यंत्राला जात नसते, हे खरे. पण जातीने आखलेल्या गावाच्या मध्यभागी ते यंत्र नेम धरून बसले, की त्याचा परिणाम जातीचाच होतो.

यावर कोणी म्हणेल, “आज तर प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे!” हा भ्रम आहे. २०२४ च्या सरकारी आकड्यांनुसार शहरांत दर १०० माणसांमागे १३० हून अधिक जोडण्या होत्या, ग्रामीण भागात सुमारे ६०. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशातील ग्रामीण पुरुषांपैकी शंभरात सुमारे ४९ जणांनी इंटरनेट कधीतरी वापरले होते. ग्रामीण स्त्रियांपैकी शंभरात २५ जणींनीही नाही. म्हणजे वस्तीवर जी अंधारी जागा आहे, तिच्यातही सर्वांत गडद कोपरा आपल्या भगिनींच्या वाट्याला आला आहे.

दुसरा आक्षेप असा की, कंपन्या व्यापार करतात. जेथे नफा नाही तेथे त्यांनी का जावे? याचे उत्तर कायद्यात आहे. ज्या लहरींवरून आवाज जातो त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतली जाऊ लागली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. तो निधी ग्रामीण व वंचित भागांपर्यंत सेवा नेण्यासाठीच आहे. कंपनीचा महसूल कोठून येतो? आपण मजुरीच्या पैशांतून जे रिचार्ज करता, त्यातूनच येतो. तरीही त्या निधीतील हजारो कोटी रुपये वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिले. तेव्हा आपण दान मागत नाही. ज्याचे मोल दिले आहे, ते मागत आहोत.

आणि हे केवळ गप्पागोष्टींसाठी मागत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो; शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोनवर येणारा आकडा लागतो. डिसेंबर २०२१ पासून अत्याचारग्रस्तांसाठी १४५६६ हा निःशुल्क क्रमांक देण्यात आला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्यादीची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावयाची असते. म्हणजे वाड्यावरून न जाता ठाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने मोकळी केली, आणि मनोऱ्याच्या अभावाने ती पुन्हा बंद केली.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांची नावे आहेत. ज्यांना पाण्यापासून व वाटेपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या हालअपेष्टा त्या शब्दांमागे आहेत. त्या काळी मोबाईलचा मनोरा नव्हता, म्हणून त्याचे नाव तेथे नाही. न्यायालय त्या शब्दांचा अर्थ उद्या कसा लावील, याची हमी मी देत नाही. परंतु सार्वजनिक पैशाने बांधलेली वाट वस्तीच्या अलीकडे संपत असेल, तर तो अन्याय त्याच जातकुळीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. हा आधार लहान नव्हे.

मग करावयाचे काय? नुसता संताप उपयोगाचा नाही, पुरावा हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपन्यांनी आपापल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. शिकलेल्या मुलांनी ते उघडावेत आणि आपली वस्ती त्यांत सेवा मिळते अशी दाखविली आहे काय, ते पाहावे. नकाशा एक सांगत असेल आणि फोन दुसरेच सांगत असेल, तर तारीख, वेळ व ठिकाण घालून वहीत नोंद करावी. ती वही घेऊन ग्रामसभेत जावे, ठराव लिहून घ्यावा, त्याची प्रत मागावी. भारत संचार निगम व दूरसंचार विभाग यांना माहितीच्या अधिकाराखाली विचारावे की, आमच्या गावासाठी मनोऱ्याचा प्रस्ताव आहे काय, आणि नसल्यास का नाही. स्त्रियांचा अनुभव त्या वहीत प्रथम लिहावा.

आणि एक गोष्ट आजच ध्यानात ठेवा. दुर्दैवाने फिर्याद देण्याची वेळ आली आणि उशीर झाला, तर उशिराचे कारण फिर्यादीतच लिहून घ्या: वस्तीवर रेंज नव्हती, टेकाडापर्यंत जाता आले नाही, पायी ठाण्यास आलो. उशिराचा समाधानकारक खुलासा असेल, तर केवळ त्यामुळे खटला पडत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. जे पहिल्या कागदावर लिहिलेले नाही, ते पुढे पिंजऱ्यात उभे राहून सांगितले तर कोणी मानीत नाही.

त्या मातेच्या फिर्यादीत ते एक वाक्य नव्हते. आपल्या फिर्यादीत ते असू द्या. आणि ते लिहिण्याची पाळीच येऊ नये, म्हणून वही आजच उघडा.