बहिष्काराचे शस्त्र कोणाच्या हाती?

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत हिंडत होते. कन्नडच्या घाटाखालील चाळीसगावात ते उतरले, तेव्हा त्यांना बसवून टांगा हाकावयास एकही टांगेवाला राजी होईना. वस्तीतील लोकांनी तोड काढली : टांगा भाड्याचा, हाकणारा आपला. हाकणारा नवखा होता. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पैशाला जात नसते, असे आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे सांगत आलो. चाळीसगावी त्या पैशाला चाके मिळाली, सारथी मिळाला नाही!

तेथे कोणी हात उगारला नाही, कारण नकार पुरेसा होता. नकार जुमानला नाही की हात उठतो. महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी लोक प्रत्यक्ष पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. अमेरिकेतही हेच. माँटगोमेरीच्या निग्रोंनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहर-बसवर बहिष्कार टाकला. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. पुढे १४ मे १९६१ रोजी ॲनिस्टनजवळ, न्यायालयाने मान्य केलेला हक्क बजावीत एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या सत्याग्रहींची बस जाळण्यात आली.

मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. माँटगोमेरीत बसचे बहुसंख्य उतारू काळेच होते. कंपनीचे उत्पन्न त्यांच्या खिशातून येई. रोझा पार्क्स यांची नोकरी गेली हे खरे, तरी बहिष्काराचे शस्त्र पीडितांच्या हाती होते. आपल्याकडे ते गावाच्या हाती आहे. मजुरी, उधारी, दुकान, शेतातून जाणारी वाट, सारे एका रात्रीत बंद करता येते. स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात हेच नोंदविले की, या बहिष्कारापुढे उघड हिंसाही फिकी पडते.

मराठवाड्याने १९७८ साली दोन्ही पाहिले. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि घरे जळली खेड्यांत. ज्यांनी गावकीची कामे सोडली होती, गायरान कसावयास घेतले होते, ते आधीपासून डोळ्यांत सलत होते.

सार्वजनिक वाहनात अस्पृश्य म्हणून मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण फिर्यादीला आणि साक्षीदाराला पुढच्या हंगामात काम कोण देणार? आपल्या तालुका समित्यांनी याची तजवीज फिर्यादीच्या आधी करावी, आणि गायरानाचे पट्टे कसणाऱ्यांच्या नावे करून घेण्यापासून आरंभ करावा.