परिचर्येच्या विद्यार्थ्यानें कोश कोणता घ्यावा?

आमच्या उपनगरांतील मुलें-मुली परिचर्येच्या वा वैद्यकाच्या अभ्यासास लागलीं, कीं पालक हौसेनें सर्वांत जाड कोश विकत घेतात. हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १९०० सालीं प्रथम निघालेला डॉरलंडचा कोश अधिकारी खरा; परंतु त्याची जागा ग्रंथालयांत. लोकलच्या गर्दींतून जो रोज नेतां येतो, तोच नित्य उघडला जातो. १९१२ सालीं प्रथम निघालेला बेलियरचा परिचारिका-कोश याच जातीचा होय.

दुकानांत ‘इलियम’ शब्द काढून पाहावा. इंग्रजींत एका अक्षराच्या फरकानें तो एकदां लहान आंतड्याचा शेवटचा भाग, तर एकदां कमरेच्या हाडाचा वरचा भाग दर्शवितो; उच्चार मात्र एकच. त्या अक्षराच्या गफलतीनें भलत्याच अवयवाची नोंद होईल. हा भेद ज्यांत स्पष्ट नाहीं, तें पुस्तक परत ठेवावें. आवृत्तीही नवी घ्यावी.

शेवटीं, प्रत्येक शब्दाशेजारीं घरच्या माणसांस समजेल असा मराठी अर्थ पेन्सिलीनें लिहावा. घाटकोपरच्या राजावाडींतील वा पार्ल्याच्या कूपर रुग्णालयांतील रुग्ण आपली व्यथा कोशाच्या भाषेंत सांगत नाहीं. ती उमगली नाहीं, तर सेवा कसली घडणार?