रंगाखालचा गंज



नवरात्र जवळ आले की खंडेनवमीची तयारी सुरू होते. ट्रॅक्टर धुतला जातो, ट्रॉलीला नवा रंग लागतो, झेंडूची माळ चढते. त्याआधी करायचे एक काम आज सांगणार आहे. ते ट्रॉलीखाली आडवे होऊन करावे लागते, म्हणून बहुतेक घरी राहूनच जाते.

गेल्या गळीत हंगामात ओळखीच्या एका शेतकऱ्याची उसाने भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढावर तुटली. दांडी जिथे चासीला जोडलेली असते, नेमकी तिथेच. ट्रॅक्टर पुढे राहिला आणि ट्रॉली मागे घसरत ओढ्यात गेली. थोड्याच वेळापूर्वी तोडणीच्या दोन बाया उसावर बसल्या होत्या. घरच्या म्हाताऱ्याने रागावून त्यांना खाली उतरवले, म्हणून जीव वाचले. मी पोचलो तेव्हा तो शेतकरी म्हणाला, "साहेब, दर दसऱ्याला रंग देतो, तरी असं कसं झालं?"

तुटलेली कड हातात घेतली. बाहेरून निळा रंग चकचकीत आणि आत कांद्यासारखे गंजाचे पापुद्रे. खरे सांगायचे तर आदल्या दसऱ्याला मीच त्या ट्रॉलीवर हात ठेवून "छान राखली आहे" असे म्हणालो होतो. मीसुद्धा रंगच पाहिला होता.

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. त्यात क्षार मिसळले की तो झपाट्याने वाढतो. आपली ट्रॉली खते वाहते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने जवळजवळ निम्मा भाग क्लोरीनचा असतो आणि तो लोखंडाचा वैरीच. सांडलेले खत हवेतली ओल धरून ठेवते. शेणखताची ओल आणि आंबलेला उसाचा रस यांनीही लोखंड खाल्ले जाते. काळ्या मातीचा चिखल सांध्यात बसला की आठवडा आठवडा वाळत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो, रंगाला उचलतो आणि त्या फटीतून आणखी पाणी आत जाते. म्हणून गंजावर दिलेला रंग म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवरचा चुना. कोणी विचारतात, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे कसा टिकला? त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्यावर राखण करणारा थर तयार झाला. आपल्या ट्रॉलीच्या लोखंडाला तो आधार नाही. ते आपणच राखायचे.

आता काम कसे करावे ते पाहू. प्रथम खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळू द्यावी. हौदा उचलून काम करायचे असेल तर मजबूत टेकू लावल्याशिवाय खाली शिरू नये. नुसत्या हायड्रॉलिकवर किंवा जॅकवर भरवसा ठेवू नये.

मग लहान हातोडी घ्यावी. बाजारात मडके आपण वाजवून घेतो, तशी चासी वाजवावी. खणखणीत आवाज आला तर लोखंड चांगले; बद्द आवाज आला तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. दांडीचा सांधा, वेल्डिंगचे टाके, पाटे बसवलेली जागा आणि तळाच्या पत्र्याखालचे आडवे चॅनेल कसून तपासावेत. चौकोनी पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

टोक आत गेले, तर तिथे रंगाचा उपयोग नाही. कुजलेला भाग कापून चांगल्या लोखंडापर्यंत जावे आणि जाणत्या कारागिराकडून नवीन तुकडा बसवावा. कुजक्या भागावर पट्टी ठोकली तर टाका धरत नाही. दांडी आणि आस यांना मात्र ठिगळ नको, ती बदलावीत. वेल्डिंगपूर्वी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवावी.

बाकी ठिकाणचा गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने लोखंड उजळेपर्यंत घासावा. डोळ्यांना चष्मा व नाका-तोंडाला फडके बांधावे. थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेडऑक्साईडचा हात द्यावा, कारण उघडे लोखंड रात्रीच्या दवानेही गंजते. रेडऑक्साईडचे दोन हात, मग ऑईल पेंटचे दोन हात. प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. चौकोनी पाइपच्या सर्वांत खालच्या बाजूला पाणी निघायला छिद्र असावे आणि ते मोकळे राहावे. वेल्डिंगचे सगळे काम संपल्यावरच पाइपच्या आत तेल सोडावे. तेलकट पाइपवर वेल्डिंग केले तर आग लागू शकते.

पुष्कळ जण जळके ऑईल चासीवर फासतात. ते फार टिकत नाही, जमिनीत उतरते, टायरचे रबर बिघडवते आणि कातडीलाही वाईट. ते टाळावे.

वर्षभर पाळायची शिस्त थोडीच आहे. खत वाहिले त्याच दिवशी ट्रॉली धुवावी. उकिरड्याजवळ उभी करू नये. पाणी निथळेल अशा किंचित उतारावर, चाकांना दगड लावून, कठीण जमिनीवर ठेवावी. ओली पोती हौद्यात पडू देऊ नयेत.

घरातल्या माउलींनाही विनंती आहे. यंदा पूजेचे ताट आणण्यापूर्वी धन्याला एवढेच विचारावे, "खालून हातोडी मारून पाहिली का?" त्याच ट्रॉलीच्या मागून आपली मुले सायकलवर शाळेला जातात. पूजा औजाराची खरी, पण जीव आपल्या माणसांचा.