सामाजिक शास्त्रांचा तास : माहिती आणि कौशल्य यांची फारकत नको

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले २०२० साली. त्यावर आधारलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा २०२३ साली आला आणि महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षी इयत्ता पहिलीपासून नव्या अभ्यासक्रमाची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. या सर्व घडामोडींत एक शब्द वारंवार कानी पडतो, तो म्हणजे 'कौशल्य'. अभ्यासक्रमातील माहितीचा भार हलका करून मुलांना चिकित्सक विचार शिकवावा, असे धोरण स्पष्टपणे सांगते. हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा की, हे कौशल्य शाळेच्या वेळापत्रकात नेमके बसवायचे कुठे? आमच्या मते त्याला स्वतंत्र तास नको आणि स्वतंत्र वहीही नको. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांचा जो धडा आज शिकवला जातो, त्याच धड्यात ते शिकवले गेले पाहिजे. तसे झाले नाही, तर हाही शब्द यापूर्वीच्या अनेक चांगल्या शब्दांप्रमाणे शासकीय परिपत्रकात राहील.

ही शंका निराधार नाही. दहावीच्या परीक्षेचा अलीकडचा इतिहास तपासून पाहावा. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांना पूर्वी अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असत. तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रकल्प, म्हणजेच ज्यांतून कौशल्य दिसावे अशा गोष्टींसाठी ते होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते सढळ हाताने वाटले जात, अशी सार्वत्रिक तक्रार होती. म्हणून २०१८-१९ या वर्षी ते बंद करण्यात आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्याच वर्षी बदलले होते, त्यामुळे सारा दोष या वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. परंतु अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांची मुले पुढे जातील अशी ओरड झाली आणि काही महिन्यांतच, ऑगस्ट २०१९ मध्ये, ते गुण पुन्हा बहाल करण्यात आले. या साऱ्या वादात गुण द्यावेत की न द्यावेत यावरच चर्चा झाली. मुलांना नकाशा वाचता येतो का, दोन विधानांतील विसंगती ओळखता येते का, आपले मत पुराव्यानिशी मांडता येते का, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. कौशल्य धड्यापासून तोडून निराळ्या गुणांच्या कप्प्यात ठेवले की त्याचे असे होते.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. 'माहिती आता मोबाईलवर मिळते, मग पाठांतर कशाला? मुलांना फक्त विचार करायला शिकवा,' असे म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. परंतु विचार हा कशाचा तरी करावा लागतो. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची, पण खेळाची जाण असलेली मुले वाचनात हुशार, पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांहून तो मजकूर अधिक चांगला समजू शकली. क्रिकेटच्या बाबतीत आपल्याकडे हाच अनुभव येईल. ज्याला फाळणी केव्हा झाली हे ठाऊक नाही, तो फाळणीवरील लेखाची चिकित्सा कशी करणार? ज्याला खाडी आणि नदी यांतील फरक माहीत नाही, तो पुराची कारणे कशी शोधणार? सनावळी हे इतिहासाचे सर्वस्व नव्हे, पण तिच्यावाचून कार्यकारणभावही कळत नाही. कारण आधी आणि परिणाम मागाहून, एवढे तरी ठाऊक असावे लागते.

तेव्हा माहिती आणि कौशल्य यांतून एक निवडा, हा प्रश्नच चुकीचा आहे. यासंबंधी सॅम वाइनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाचे काम बोलके आहे. त्यांनी काही इतिहासकार आणि काही शालेय विद्यार्थी यांना एकाच लढाईविषयीचे जुने कागद वाचावयास दिले. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत गेले. इतिहासकारांनी मजकुराला हात घालण्यापूर्वी हे कोणी लिहिले, केव्हा आणि कशासाठी, हे पाहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून पुढे अध्यापनाची एक पद्धत उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोतील पाच सरकारी शाळांत २००८ साली सहा महिने ती वापरून पाहण्यात आली. धडे नेहमीच्याच अभ्यासक्रमातील होते, केवळ प्रत्येक धड्याला एक प्रश्न आणि परस्परांशी न जुळणारे दोन-तीन कागद जोडलेले होते. या वर्गांतील मुले ऐतिहासिक विचारात तर पुढे गेलीच, पण त्यांची माहिती पक्की झाली आणि सर्वसाधारण वाचनही सुधारले. कौशल्यासाठी वेळ दिला तर अभ्यासक्रम मागे पडेल, या भीतीला हे उत्तर आहे.

आपल्याकडे यासाठी साधने दूर शोधावी लागत नाहीत. वसईचेच उदाहरण घेऊ. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. बहुतेक वर्गांत हा प्रसंग एका वाक्यात संपतो. परंतु या मोहिमेसंबंधी मराठी पत्रे आहेत आणि पोर्तुगीज कागदपत्रेही आहेत. गोव्याचे इतिहास संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तेथील पुराभिलेखागारात राहून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर केलेले काम विद्वानांत मान्यता पावलेले आहे. किल्ला जिंकणाऱ्याने लिहिलेला मजकूर आणि किल्ला सोडणाऱ्याने लिहिलेला मजकूर यांतील चार-चार ओळी शिक्षकांनी मराठीत फळ्यावर लिहाव्यात आणि विचारावे : हे कोणी, कोणाला उद्देशून लिहिले? दोघेही मान्य करतात असे काय आहे? एकजण ज्याविषयी मौन पाळतो ते काय? असा तास झालेले मूल १७३९ हे साल विसरणार नाही.

भूगोलाचेही तसेच. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे ठप्प झाली, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. 'पूर येण्याची कारणे लिहा' या प्रश्नाचे पाच मुद्द्यांचे उत्तर गाईडात तयार असते. त्याऐवजी गावाचा नकाशा समोर ठेवून खाडी कोठे, उतार कोणीकडे, भराव कोठे झाला आणि पाणी कोठे तुंबले, हे मुलांनी खुणांनी दाखवावे. नकाशावाचन, निरीक्षण आणि सार्वजनिक प्रश्नाची जाण या तिन्ही गोष्टी एका तासात साधतात आणि पाठ्यक्रमाबाहेर पाऊलही टाकावे लागत नाही.

विशेष म्हणजे आपली पाठ्यपुस्तके याबाबत मागे नाहीत. बालभारतीचे २०१८ साली आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक सुरूच होते ते इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेपासून. इतिहास कसा लिहिला जातो, साधनांची पारख कशी करतात, हा त्याचा विषय आहे. परंतु याच प्रकरणांतील इतिहासकारांची व ग्रंथांची नावे 'योग्य पर्याय निवडा' आणि 'चुकीची जोडी ओळखा' यांसाठी घोकली जातात. म्हणजे पारख कशी करावी याचा धडासुद्धा पारख न करता पाठ होतो! दोष पुस्तकाचा नव्हे. प्रश्नपत्रिकेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते आणि घरी तेच पाठ करून घेतले जाते.

शिक्षकांवर सारा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक स्तरावर सामाजिक शास्त्रांसाठी विषयशिक्षक असला पाहिजे, तरीही हा विषय कोणीही शिकवू शकतो, अशी समजूत अनेक शाळांत आहे. जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही कामे तोच कायदा शिक्षकांकडून करून घेऊ देतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे मत ऐकणे सोपे नाही. त्यातच 'असर'च्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलित वाचता येत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्याला वाचण्याची आणि तपासण्याची सवय केवळ शाळेतच लागू शकते. म्हणूनच हा विषय चैनीचा नाही. कौशल्य शाळेने शिकवले नाही, तर ते केवळ ऐपत असलेल्यांच्या मुलांना मिळेल.

आमच्या सूचना साध्या आहेत. मंडळाने सामाजिक शास्त्रांच्या प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरील, पण अभ्यासलेल्या विषयाशी निगडित असा उतारा, नकाशा किंवा आकडेवारी द्यावी आणि त्यावर विचार करावयास लावणारे प्रश्न विचारावेत. अंतर्गत गुण देताना मुलाने लिहिलेला पुरावा शाळेने जपून ठेवावा. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एका धड्याचे असे टाचण शिक्षकांना एकत्र बसून करू द्यावे. वर्षाला दहा धडे जरी असे शिकवले गेले, तरी पुष्कळ साधेल.

पालकांनीही आपला प्रश्न बदलावा. 'किती गुण मिळाले?' याबरोबरच 'हे तुला कशावरून कळले?' असे मुलाला विचारावे. मोबाईलवर रोज येणारे खरेखोटे इतिहास आणि भडक संदेश पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबणारा नागरिक याच प्रश्नातून घडतो. नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वर चढत आहे. तो दहावीपर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रश्नपत्रिका बदलण्यास अजून अवधी आहे. तो अवधी वाया जाऊ नये.